जुन्या मोटारीची वंशावळ

घोडा घेतांना त्याचे दांत पाहावे आणि शेत घेतांना त्याचा उतारा पाहावा, ही रीत खेड्यांतील पोरालाही ठाऊक असते. परंतु शर्यतीची जुनी मोटार, आणि तीही कोणा हौशी मालकानें आपल्या मनाजोगी बदलून घेतलेली, विकत घेऊं पाहणारा नवखा गृहस्थ बहुधा रंगाची झळाळी आणि यंत्राची गर्जना एवढ्यावरच भाळतो. अशा गृहस्थानें पैशाच्या थैलीला हात घालण्यापूर्वीं इंग्लंडांतील एका मोटारीची हकीकत ऐकून ठेवणें हिताचें आहे.

वॉल्टर ओवेन बेंटली या यंत्रविशारदानें १९१९ सालीं लंडन येथें मोटारींचा कारखाना काढला. भक्कमपणा हा त्याच्या मोटारींचा मुख्य गुण. फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तास अखंड चालणारी जी शर्यत होत असे, ती या कारखान्याच्या मोटारींनीं १९२४ सालीं एकदां आणि पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें चार वेळां जिंकली. यांपैकीं १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं जिंकणारी मोटार एकच होती. ‘स्पीड सिक्स’ जातीची, साडेसहा लिटर यंत्राची ही मोटार ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्धीस आली. कारखान्याचा धनको व अध्यक्ष वुल्फ बार्नाटो हा दोन्ही वेळां तिच्या चाकावर होता. पहिल्या वर्षीं टिम बर्किन आणि दुसऱ्या वर्षीं ग्लेन किडस्टन हे त्याचे जोडीदार होते.

विजयानंतर मात्र तिला स्वस्थता लाभली नाहीं. ब्रूकलँड्स येथील सिमेंटच्या उतरत्या कडांच्या वर्तुळाकार मार्गावर अधिक वेगानें धांवावी म्हणून तिच्यांत फेरफार झाले. पुढें तर तिचें मूळ यंत्र काढून आठ लिटरचें यंत्र बसविण्यांत आलें. १९३२ च्या सप्टेंबरांत पांचशें मैलांच्या शर्यतींत ती मार्गाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेंकली गेली, आणि चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. त्या मोडतोडींतून ती पुन्हां उभी राहिली, ती बंद छपराच्या प्रवासी मोटारीच्या रूपानें. आणखी कित्येक वर्षांनीं तिला पुन्हां शर्यतीचा उघडा देह मिळाला.

१९९० सालीं या मोटारीचा सौदा एक कोटी पौंडांस ठरला. पण खरेदीदार मागें सरला. त्याचें म्हणणें असें कीं, १९२९ सालच्या मोटारीचें आतां उरलें आहे तरी काय? वाद लंडनच्या हायकोर्टांत गेला. न्यायमूर्ति ऑटन यांनीं भागन् भाग तपासून पाहिला, तेव्हां १९२९ सालचें जवळजवळ कांहींच शिल्लक नाहीं असें दिसून आलें. तथापि त्यांनीं निकाल विक्रेत्याच्या बाजूनें दिला. मोटार एकाएकीं नाहींशी होऊन मागाहून दुसरी बनविली, असें कधींच झालें नव्हतें. ती बदलत गेली, पण तिच्या अस्तित्वाची सांखळी कोठेंही तुटली नाहीं. म्हणून त्या नांवावर तिचाच अधिकार आहे, असें कोर्टानें ठरविलें.

निकाल विलक्षण वाटतो, पण जुना वाडा पाहिलेल्यास तो सहज पटेल. वांसे बदलतात, कौलें बदलतात, भिंतीही नव्या होतात. तरी पिढ्यान् पिढ्या देवघरांतील दिवा विझला नसेल तर वाडा तोच. उलट पडक्या चौथऱ्यावर कोणी जुन्या धाटणीचें नवें घर बांधील, तर तें सुंदर असेल, परंतु तो वाडा नव्हे.

हाच भेद नवख्या ग्राहकानें ओळखावयाचा आहे. फेरफार दोन प्रकारचे असतात. एक इतिहासानें केलेले. बर्किनची एकआसनी लाल बेंटली घ्या. साडेचार लिटर यंत्रास हवा कोंडून भरणारें उपकरण जोडण्यास स्वतः बेंटलीचा विरोध होता, आणि अशा मोटारींस ल मां येथें विजय मिळाला नाहीं, हेंही खरें. तरी त्या एकआसनी मोटारीनें १९३२ सालीं ब्रूकलँड्स येथें ताशीं १३७.९६ मैल वेगाचा विक्रम केला, आणि २०१२ सालीं ती पन्नास लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली. तेथें फेरफार हाच इतिहास होय. दुसरे फेरफार बाजारानें केलेले. मूळच्या बंद, प्रवासी बेंटलींचे देह उतरवून त्यांवर ल मां पद्धतीचे उघडे देह चढविण्याचा प्रघात फार मोठा आहे. अशी मोटार चालविण्यास आनंददायक असेल, पण तिची किंमत शर्यतीच्या मोटारीची नव्हे.

म्हणून ग्राहकानें प्रथम कागद पाहावे, मागाहून मोटार. चासीवरील व यंत्रावरील क्रमांक नोंदणीशीं जुळतात कीं नाहींत, प्रत्येक मालकाच्या काळांतील बिलें व छायाचित्रें आहेत कीं नाहींत, कोणता भाग कोणत्या सालीं व कोणी बदलला, हें लेखी मागावें. काढलेले मूळ भाग विक्रेत्यानें जपून ठेवले असतील तर ती शुभ खूण समजावी, कारण तो बदल परत फिरवितां येतो. ताजा रंग हें पुष्कळदां गंजावरील पांघरूण असतें. करितां मोटार उचलून खालून पाहावी. यंत्राची शक्ति वाढविली असेल तर ब्रेक, स्टीअरिंग व स्प्रिंगा त्या मानानें सुधारल्या आहेत काय, हें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. डनफीचें मरण विसरतां कामा नये.

भारतांत हा प्रश्न हौशीइतकाच कायद्याचाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा बदल करण्यास मनाई आहे. शिवाय २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपांत राखलेली असली पाहिजे. अशी मोटार प्रदर्शन, मेळावा वगैरे कारणांखेरीज रोजच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. हौसेनें केलेला मोठा फेरफार हा मान गमावून बसण्यास कारण होऊं शकतो.

इतकें करूनही मन त्याच मोटारीकडे ओढ घेत असेल, तर ती अवश्य घ्यावी. मात्र ती जें आहे त्या नांवानें आणि त्याच किंमतीस घ्यावी. नकलेस नक्कल म्हणून विकत घेणारा कधीं फसत नाहीं. लोखंड बदलतें, रंग बदलतो, मालकही बदलतात. प्रामाणिकपणें लिहून ठेवलेली हकीकत तेवढी मोटारीबरोबर चालत येते, आणि तिच्यांत आपलें पान खरेपणानें लिहिणें हें नव्या मालकाचें पहिलें कर्तव्य होय.