घाट उतरणारी गाडी वीज कशी देऊ लागली?

१/ पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर इंजिने जोडली जातात आणि तोवर प्रवाशांच्या हाती वडापाव आलेला असतो. बोरघाटाचा चढ सर्वांच्या परिचयाचा आहे. आजचा थ्रेड मात्र उताराविषयी.

२/ हा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. वाफेच्या काळात चढताना कष्ट होते, पण खरी धास्ती उतरताना असे. ब्रेक घासून तापत. गाडी ताब्यातून सुटलीच, तर तिला अडवण्यासाठी मुख्य मार्गापासून फुटणारे चढते फाटे बांधलेले होते. घाटमाथ्यावर कोळसा जाळून कमावलेली सारी ऊर्जा उतारावर केवळ उष्णता होऊन विरत असे.

३/ याच डोंगराच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यात, १९१५ मध्ये टाटांचे खोपोली वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खाली कोसळून चक्रे फिरवू लागले व मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. (मुळशीचा सत्याग्रह हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.) उंचावरून उतरणारे वजन वीज देते, हे या परिसराने रेल्वेच्या आधी पाहिले होते.

४/ १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्ग १५०० व्होल्ट डीसी विजेवर आला. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या धर्तीची, मधून सांधलेली इंजिने आणली गेली. पुढे ‘डब्ल्यूसीजी-१’ म्हणून नोंदली गेलेली ही इंजिने लोकांच्या तोंडी ‘खेकडा’ झाली. अधिकृत नावापेक्षा हे कितीतरी नेमके आहे!

५/ खेकड्याची खुबी उतारावर दिसे. चाके मोटरला फिरवू लागली की मोटर जनित्र बनते. तिचा दाब तारेतील दाबापेक्षा किंचित वाढला की प्रवाह उलटा, तारेकडे वाहतो आणि गाडीला रोध मिळतो.

६/ ‘किंचित’ या शब्दातच सगळी गोम आहे. रेल्वेच्या सिरीज मोटरमध्ये चुंबकक्षेत्र तिच्याच प्रवाहावर अवलंबून असते. ती तशीच जनित्र म्हणून चालवली, तर प्रवाह वाढताच क्षेत्र वाढते, क्षेत्राबरोबर दाब, दाबाबरोबर पुन्हा प्रवाह. यंत्र बेलगाम होते. म्हणून उतारावर क्षेत्राला वेगळ्या, छोट्या स्रोतातून प्रवाह पुरवतात. चालकाने हा लहानसा प्रवाह कमीजास्त केला की शेकडो टनांची गाडी लगामात राहते.

७/ कोकणातील मासेमारी होडीच्या इंजिनावरील अल्टरनेटरही याच तत्त्वावर चालतो. इंजिनाचा वेग सतत बदलतो, पण रेग्युलेटर क्षेत्राचा प्रवाह सावरतो, म्हणून बॅटरी उकळत नाही. फरक एवढाच की होडीची वीज साठवायला बॅटरी असते. घाटात ती नव्हती. उतरणाऱ्या गाडीची वीज घेण्यासाठी त्याच वेळी दुसरी गाडी चढत असावी लागे, किंवा उपकेंद्रातील यंत्रे उलटा प्रवाह स्वीकारणारी असावी लागत. घेणारा कोणी नसेल तर तारेतील दाब चढे, रोध लटका पडे आणि चालकाला पुन्हा जुन्या ब्रेकचाच आधार घ्यावा लागे. वेळापत्रक हाही ब्रेकचाच भाग होता, असे मला वाटते.

८/ या मालिकेतील ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पाहायला गेलात तर चाकांना जोडणारे दांडे जरूर पाहा. उतारावर चाकांचे बळ त्यांच्यातूनच मोटरपर्यंत पोहोचत असे.