‘सबर्बन’ : एका नावाची नव्वद वर्षे

वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्यांच्या बदलत्या रूपाचा मागोवा घेतो; त्यांच्या नावाकडे मात्र दुर्लक्ष करतो. नाव म्हणजे वरून चिकटवलेली चिठ्ठी, असा आपला समज असतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा समज मान्य होण्यासारखा नाही. एखादी कृती कोणत्या नावाने आणि कोणत्या वर्गात दाखल होते, यावर तिचे वाचन आणि तिचे मूल्यमापन किती अवलंबून असते, हे आपण रोजच अनुभवतो. तोच प्रश्न ह्या लेखात आम्ही एका मोटारीच्या बाबतीत विचारणार आहोत. ही मोटार म्हणजे अमेरिकेतील ‘शेव्हरोले सबर्बन’. मोटारींच्या जगात सर्वाधिक काळ अखंड वापरात राहिलेले नाव म्हणून तिच्या नावाची गणना होते. नव्वद वर्षे नाव तेच राहिले. गाडी मात्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सरकत गेली, आणि ह्या सरकण्याची किंमत अनेकांनी मोजली.

स्थानकावरची गाडी

‘सबर्बन’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईची लोकल उभी राहते. गंमत अशी की, अमेरिकन सबर्बनचे कूळही रेल्वे स्थानकापर्यंतच जाऊन पोचते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानकावर उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत किंवा गावाबाहेरच्या बंगल्यापर्यंत पोचवण्यासाठी लाकडी बांधणीच्या उंच गाड्या असत. त्यांना ‘डेपो हॅक’ म्हणत; पुढे त्यांचेच नाव ‘स्टेशन वॅगन’ झाले. शहराच्या कडेला राहणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांच्या अशा गाड्यांना ‘सबर्बन’ हे नावही सर्रास लावले जाई. म्हणजे आरंभी हे विशेषनाम नव्हते, सामान्यनाम होते. डीसोटो आणि प्लिमथ या कंपन्यांनीही आपापल्या काही गाड्यांना हेच नाव दिले होते. प्लिमथने १९७८ मध्ये ते सोडले, आणि १९८८ मध्ये जनरल मोटर्सला त्यावर एकाधिकार मिळाला. सामान्यनामाचे विशेषनाम होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

शेव्हरोलेची गाडी अवतरली ती १९३५ सालचे मॉडेल म्हणून. तिचे पूर्ण नाव ‘सबर्बन कॅरीऑल’. यातील ‘कॅरीऑल’ हा शब्द लोकव्युत्पत्तीचा सुंदर नमुना आहे. फ्रेंच भाषेत ‘कॅरिओल’ म्हणजे हलकी घोडागाडी. इंग्रजी जिभेने त्या शब्दात ‘सारे काही वाहून नेणारी’ असा अर्थ ऐकला आणि शब्दाचे रूपच बदलून टाकले. चुकीच्या व्युत्पत्तीतून जन्मलेला हा शब्द ह्या गाडीला मात्र तंतोतंत लागू पडला.

गाडीची पार्श्वभूमी महामंदीची होती. १९३३ मध्ये शेव्हरोलेने नॅशनल गार्डच्या तुकड्यांसाठी, तसेच बेकार तरुणांना वनीकरणाच्या व बांधकामाच्या कामावर पाठवणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरसाठी अर्ध्या टनी मालमोटारीच्या सांगाड्यावर बरीचशी लाकडी अशी एक गाडी बांधली होती. तिच्याच वाटेने पुढे जाऊन १९३५ ची सबर्बन आली. परंतु तिचा सांगाड्यावरचा साज पोलादी होता. लाकडी वॅगनला वेळोवेळी वार्निश लागे, सांधे करकरत. पोलादी गाडीला ह्यातले काही नको होते. आठ माणसे बसण्याची सोय, दोन दरवाजे, सहा सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या-मागच्या आसांमध्ये ११२ इंचांचे अंतर, असा हा संसार. किंमत ६७५ डॉलर. तिचे खरे वैशिष्ट्य मात्र वेगळेच होते : मागची आसने काढून ठेवता येत. आसने काढली की मागे सपाट जमीन उरे आणि तीवर सामान रचता येई. सकाळी माल आणि संध्याकाळी माणसे, असे दोन्ही संसार एकाच गाडीत नांदत.

ही काढता येणारी आसने वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

कामकरी ते कुटुंबवत्सल

पुढील तीन-चार दशके सबर्बन ही प्रामुख्याने कामकरी गाडी होती. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याच्या सेवेत गेली. युद्धानंतरही ठेकेदार, सर्वेक्षक, शेतकरी, अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक असे तिचे गिऱ्हाईक राहिले. मागील बाजूस कपाटाप्रमाणे उघडणारी दोन दारे घ्यावीत की ट्रकच्या फाळक्याप्रमाणे खाली पडणारे दार घ्यावे, हे ग्राहकाने आपल्या कामानुसार ठरवावयाचे. १९५७ पासून चारही चाकांना शक्ती पुरवणारी रचना थेट कारखान्यातून मिळू लागली.

ह्याच काळात अमेरिकेचा भूगोल बदलत होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ह्या वसाहतीची उभारणी सुरू झाली आणि एकसारख्या घरांच्या उपनगरांचे युग आले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. विरोधाभास असा की, ‘सबर्बन’ नावाची गाडी तेव्हा उपनगरात क्वचितच दिसे. उपनगरातले कुटुंब मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या, बुटक्या आणि लांबट स्टेशन वॅगनमधून फिरत असे.

गाडी नावाला जागू लागली ती हळूहळू, आणि तिचे हे संक्रमण दरवाजांच्या संख्येत वाचता येते. १९६७ मध्ये आलेल्या पिढीत चालकाच्या बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन, असे तीन दरवाजे होते. ही विषम रचना म्हणजे गाडीच्या मनाची दोलायमान अवस्थाच म्हणावी लागेल : एका अंगाने मालमोटार, दुसऱ्या अंगाने घरची गाडी. १९७३ च्या पिढीत चारही दरवाजे आले आणि प्रश्न मिटला. ही पिढी १९९१ पर्यंत टिकली, तिच्यात ७.४ लिटरचे अवाढव्य इंजिनही मिळे. टेक्साससारख्या राज्यात, जेथे अंतरे मोठी आणि घोड्यांचे अथवा होड्यांचे ट्रेलर ओढणे नित्याचे, तेथे ती घरोघरी दिसू लागली.

व्याख्येचे राज्य

१९७३ मध्येच तेलसंकट आले. अशा वेळी सर्वांत अवजड गाड्या आधी नाहीशा व्हाव्यात, ही साधी अपेक्षा. घडले उलटेच. नाहीशी झाली ती स्टेशन वॅगन, सबर्बन वाढली. ह्याचे कारण केवळ अभिरुचीत शोधणे पुरेसे नाही. त्यासाठी कायद्याची संहिता वाचावी लागते.

१९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने इंधन-कार्यक्षमतेचे मानदंड घालून दिले. पण ते ‘प्रवासी मोटारी’साठी. ‘हलक्या मालमोटारीं’साठी वेगळे आणि सैल मानदंड ठरवण्याची मुभा परिवहन खात्याला मिळाली. हेतू वाईट नव्हता : शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या गाडीवर मोटारीचे नियम लादू नयेत, एवढाच. प्रश्न असा होता की, मालमोटार म्हणजे काय? १९७० च्या दशकातील नियमांनी दिलेल्या निकषांपैकी एक असा : आसने काढून गाडीत माल वाहण्यासाठी सपाट जमीन तयार करता आली पाहिजे. खडबडीत जमिनीवर चालण्याची क्षमता हाही एक निकष होता. १९३५ मध्ये जी शेतकऱ्याची सोय होती, ती आता वर्गीकरणाची किल्ली झाली. गाडीत प्रत्यक्ष माल भरला जातो की शाळेतली मुले बसतात, हे कायदा विचारीत नव्हता. माल भरता येईल का, एवढेच विचारीत होता.

ह्या एका व्याख्येचे परिणाम दूरगामी होते. १९९६ ते २००४ ह्या काळात प्रवासी मोटारींच्या ताफ्याने गॅलनला सरासरी २७.५ मैल (लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर) देणे अपेक्षित होते, हलक्या मालमोटारींना २०.७ मैल (सुमारे ८.८ किलोमीटर) पुरत. १९७८ च्या कायद्याने इंधन गिळणाऱ्या मोटारींवर विशेष कर बसवला; मालमोटारी त्यातून सुटल्या. भारासह एकूण वजन ८,५०० पौंडांच्या वर गेले की गाडी त्या काळी इंधनाच्या मानदंडांतूनच बाहेर पडे, आणि सबर्बनची अधिक भारक्षम आवृत्ती ह्या रेषेपलीकडे होती. २००३ मध्ये छोट्या व्यावसायिकांना यंत्रसामग्रीच्या खरेदीवर मिळणाऱ्या तात्काळ वजावटीची मर्यादा एक लाख डॉलरवर नेली गेली. ६,००० पौंडांहून जड गाड्यांना आलिशान मोटारींवरील वजावटीचा निर्बंध लागू नव्हता. त्यामुळे आपल्या व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्या डॉक्टर-वकिलांनाही मोठी एसयूव्ही घेणे फायद्याचे झाले. २००४ च्या ऑक्टोबरात ही सवलत एसयूव्हींपुरती २५,००० डॉलरवर आणण्यात आली.

ह्या साऱ्या प्रकरणाची झाडाझडती कीथ ब्रॅडशर ह्या पत्रकाराने ‘हाय अँड मायटी’ (२००२) ह्या पुस्तकात घेतली आहे. आमच्या दृष्टीने त्यातला बोध वाङ्मयीन आहे. प्रकाराची व्याख्या ही वर्णनापुरती राहत नाही. ती निर्मितीला वळण लावते. स्पर्धेच्या नियमावलीनुसार जशा एकांकिका लिहिल्या जातात, तशा व्याख्येनुसार गाड्या बांधल्या गेल्या.

जेन्सव्हिल

विस्कॉन्सिन राज्यात रॉक नदीच्या काठी जेन्सव्हिल नावाचे गाव आहे. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना १९१९ मध्ये ट्रॅक्टरांपासून सुरू झाला. १९२३ मध्ये तेथे शेव्हरोले मोटारी तयार होऊ लागल्या. १९९० च्या दशकापासून सबर्बन आणि तिची भावंडे हेच त्याचे मुख्य उत्पादन होते. ह्या गाड्यांवरचा नफा घसघशीत, त्यामुळे कामगारांचे वेतनही चांगले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कारखान्यात घालवलेली घरे तेथे होती.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले. जूनमध्ये कंपनीने कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळला दोन दिवस उरले असताना, शेवटची एसयूव्ही जुळणीपट्ट्यावरून उतरली. पुढे कारखान्याची इमारतही पाडली गेली. गावाच्या त्यानंतरच्या वर्षांची कहाणी एमी गोल्डस्टीन ह्यांनी ‘जेन्सव्हिल : ॲन अमेरिकन स्टोरी’ (२०१७) मध्ये सांगितली आहे. कुटुंब गावी ठेवून दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात कामाला जाणारे कामगार, पुन्हा शाळेत बसलेले प्रौढ आणि घरखर्चाला हातभार लावणारी अल्पवयीन मुले ह्या पुस्तकात भेटतात. कायद्याच्या व्याख्येतली सवलत कंपनीच्या ताळेबंदात जमा होत होती. ती संपली नाही, केवळ पेट्रोलचा भाव चढला, तेव्हा खर्चाची बाजू जेन्सव्हिलच्या नावे पडली.

गाडी मात्र संपली नाही. टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या कारखान्यात तिचे उत्पादन चालूच राहिले. २०२१ सालच्या मॉडेलात मागील चाकांनाही स्वतंत्र निलंबन आले, त्यामुळे तिसऱ्या रांगेत बसणाऱ्यांचे पाय सुखावले. ह्या मॉडेलात आसांमधील अंतर सुमारे १३४ इंच, एकूण लांबी पावणेएकोणीस फुटांहून किंचित अधिक आणि पायाभूत इंजिन ३५५ अश्वशक्तीचे. १९३५ च्या गाडीच्या जवळजवळ सहापट शक्ती; बसणारी माणसे मात्र सात ते नऊ, म्हणजे जवळपास तेवढीच.

काळी सबर्बन

सबर्बनच्या अर्थाला आणखी एक पदर आहे. राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यात काळ्या सबर्बन धावतात आणि चित्रपटांत त्यांची रांग दिसली की प्रेक्षक समजतो : शासन आले. नाटकात चोपदार आला की राजा येणार हे जसे न सांगता कळते, तसाच हा संकेत. २०१९ च्या डिसेंबरात हॉलिवूडमध्ये ह्या गाडीला सन्मानाचा तारा देण्यात आला. असा मान मिळवणारी ती पहिलीच मोटार. स्थानकावर पाहुण्यांच्या ट्रंका उचलणारी गाडी सत्तेची प्रतिमा झाली.

ह्या प्रतिमेची उंचीही लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ ह्या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बॉनेटची कड ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी रस्त्यावर मृत्यू पावले; २०२२ मध्ये हा आकडा ७,५०० च्या वर गेला. ह्या वाढीची कारणे अनेक आहेत आणि ती एका गाडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि जी उंची मालमोटारीच्या सांगाड्याबरोबर आली, ती शाळेच्या फाटकापाशीही तशीच उभी असते, हे विसरून चालत नाही.

‘सबर्ब’ ह्या शब्दाचे लॅटिन मूळ ‘नगराच्या पायथ्याशी असलेले’ असा अर्थ सांगते. आपल्या ‘उपनगर’ शब्दातही ‘उप’ म्हणजे जवळ, लगतचे. दोन्ही शब्दांत पायी चालून जाण्याजोगे अंतर गृहीत आहे. नव्वद वर्षांत ‘सबर्बन’ने ते अंतर वाढवीत नेले. शब्दकोशात शब्द तोच राहिला, गाडीच्या मागील दारावरची अक्षरेही तीच राहिली. कायद्याच्या पुस्तकातील एका व्याख्येने त्यांच्या आतला अर्थ बदलून टाकला. विद्यार्थी आम्हांस कधी विचारतात की, वाङ्मयप्रकारांच्या व्याख्यांवर एवढा काथ्याकूट कशासाठी. त्यांनी जेन्सव्हिलचा विचार करावा. व्याख्या कोणी केली, कोणासाठी केली आणि तिच्या बाहेर कोण उरले, हे विचारण्याची सवय वर्गात लागली, तर ती वर्गाबाहेरही कामी येईल.