पेनड्राइव्हवरचं लिनक्स आणि यंत्राचा विश्वास

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगणकावर बोलायचं, हे पत्रिकेत वाचून तुमच्यापैकी काही जण दचकले असतील. आम्हीही दचकलो होतो. आमचं आयुष्य न्याय आणि मीमांसा शिकवण्यात गेलं. निवृत्तीपर्यंत संगणक म्हणजे आमच्या लेखी टंकलेखन यंत्राचं मोठं भावंड, एवढंच. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि आम्ही या विषयात ओढले गेलो. तिथून सुरुवात करतो.

आमचे एक जुने सहकारी गेले. शेवटची सात-आठ वर्षं ते न्यायग्रंथांतल्या पारिभाषिक शब्दांची सूची करत होते. शब्द, कोणत्या ग्रंथात कुठे आला, टीकाकाराने काय अर्थ केला, असं सगळं. ते सारं त्यांच्या लॅपटॉपमध्ये. कागदावर काही नाही, दुसरी प्रत नाही. वहिनी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा सुरूच होत नाही. यांचं काम तेवढं काढून द्या."

आमच्या पुतण्याने फोनवर उपाय सांगितला. "काका, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा. आतली डिस्क तशीच राहील, फक्त फायली वाचून बाहेर काढायच्या." त्यानेच चार वर्षांपूर्वी करून दिलेला एक पेनड्राइव्ह आमच्या टेबलाच्या खणात होता. तो लावला, कळ दाबून बूट मेनू उघडला, पेनड्राइव्ह निवडला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी उमटल्या. सुरक्षा धोरणाचा भंग झाला आहे, काहीतरी गंभीर बिघडलं आहे, असा त्यांचा भावार्थ. आणि लॅपटॉप आपला आपण बंद झाला.

पेनड्राइव्ह धड होता. दुसऱ्या जुन्या संगणकावर तो बिनबोभाट चालला. म्हणजे या यंत्राने तो *नाकारला* होता. बिघडणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. यंत्राला नाकारायला कोणी शिकवलं, कधी आणि का, हा आजचा विषय.

मुळापासून जाऊ. 'बूट' हा शब्द कुठून आला? इंग्रजीत स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलण्याची एक अशक्य कल्पना आहे, तिथून. आपल्या दर्शनग्रंथांत याचा सख्खा भाऊ सापडतो: कितीही तयारीचा कसरतपटू असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. संगणकाची अडचण हीच. प्रणाली डिस्कवरून वाचायला कार्यक्रम हवा आणि तो कार्यक्रमही डिस्कवरच. म्हणून कुणीतरी आधीपासून जागं असावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हे काम एका चिपमध्ये कायमचं कोरलेल्या छोट्या कार्यक्रमाकडे होतं. तो म्हणजे बायोस.

बायोस काय करायचा बघा. वीज आली की स्मृती, कळफलक वगैरेंची जुजबी तपासणी. मग डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचायचा, ५१२ बाइटांचा. हार्ड डिस्कच्या बाबतीत त्या तुकड्याचे शेवटचे दोन बाइट ठरलेल्या खुणेचे आहेत ना, एवढं पाहायचं. खूण दिसली की सगळा कारभार त्या तुकड्याच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं. तू कोण, कुठून आलास, तुला कोणी लिहिलं, काही विचारणं नाही.

मागच्या वेळी प्रामाण्यवादावर बोललो होतो, ते आठवत असेल. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते प्रमाणच धरायचं. पुढे बाधक ज्ञान आलं किंवा कारणात दोष दिसला, तरच सोडायचं. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. हे परतःप्रामाण्य. जुना बायोस हा पक्का मीमांसक होता. आणि बाधक लवकरच आलं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या त्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसला. फ्लॉपी आत राहिली आणि संगणक सुरू केला की विषाणू आधी, प्रणाली नंतर.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि आमच्या मते ती जास्त महत्त्वाची. याच भाबडेपणामुळे लिनक्स जगलं. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आपली प्रणाली जाहीर करतो. लोक एक 'बूट' आणि एक 'रूट' अशा दोन फ्लॉपींवरून ती आपापल्या घरी चालवतात. संगणक बनवणाऱ्या कंपनीची परवानगी कोणाला मागावी लागली नाही. यंत्र ज्याच्या टेबलावर, फ्लॉपी त्याची, मर्जी त्याची. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. पुढे उबुंटूवाले जगभर फुकट सीडी टपालाने पाठवायचे. २०११ मध्ये त्यांनी ते थांबवलं. पोस्टमनने प्रणाली घरपोच आणून द्यावी, हे आजच्या मुलांना खोटं वाटेल.

सीडीवरून बूट करण्याची रीत १९९५ मध्ये ठरली. तिचं नाव 'एल टोरिटो', कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहावरून. तिची एक युक्ती अशी की सीडीने फ्लॉपीचं सोंग घ्यायचं, म्हणजे बायोसला नवं काही शिकावं लागत नाही. २००० साली क्लाउस क्नॉपर यांचं 'क्नॉपिक्स' आलं. सीडीवरूनच अख्खी प्रणाली चालते, डिस्कला स्पर्श नाही. पुतण्याचा उपाय हा त्याच वंशातला. त्याच सुमारास पेनड्राइव्ह बाजारात आले. आयबीएमने विकलेला पहिला ८ मेगाबाइटांचा होता. जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्हसाठी फ्लॉपी, झिप आणि हार्ड डिस्क असे पर्याय असत, कारण हा पाहुणा नक्की कोण हे बायोसलाच कळत नव्हतं.

आता एक बारकावा, कारण इथे आम्ही स्वतः आपटलो. पुतण्याचा पेनड्राइव्ह नाकारला गेल्यावर आम्ही लिनक्स मिंटची ताजी आयएसओ फाइल उतरवली आणि मोठ्या हुशारीने पेनड्राइव्हवर कॉपी केली. मेनूत काही दिसेचना. दोन दिवस गेले. आयएसओ ही सीडीची बाइट-न्-बाइट प्रतिमा असते. ती फाइल म्हणून ठेवली तर यंत्राच्या दृष्टीने पेनड्राइव्हवर एक फाइल आहे, बस्स. पत्राचा लिफाफा न फोडता पत्र वाचायला बसावं तसं. प्रतिमा पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटापासून *उतरवावी* लागते, त्यासाठी वेगळा कार्यक्रम असतो. आणि सीडीची प्रतिमा पेनड्राइव्हवर चालते तरी कशी? सीडीच्या १९८८ च्या मानकात सुरुवातीचे ३२ किलोबाइट मोकळे सोडलेले आहेत. वीस वर्षांनी, २००८ च्या सुमारास, सिसलिनक्सच्या लोकांनी त्या मोकळ्या ओसरीत हार्ड डिस्कचा पहिला तुकडा बसवला. एकच प्रतिमा सीडीवाल्याला सीडी दिसते आणि पेनड्राइव्हवाल्याला डिस्क. कुणीतरी सोडलेली रिकामी जागा अशी कामाला आली.

यानंतर बायोसच गेला. इंटेलने नव्वदच्या दशकाअखेरीस आपल्या इटेनियम यंत्रांसाठी ईएफआय आणलं, २००५ मध्ये अनेक कंपन्यांचं मंडळ झालं आणि नाव पडलं यूईएफआय. हा नवा द्वारपाल साक्षर आहे. तो पहिला तुकडा पाहून उडी मारत नाही. फॅट पद्धतीच्या विभागातला ठराविक फोल्डर उघडून ठराविक नावाची फाइल वाचतो. बरीच वर्षं लॅपटॉपांत नवा आणि जुना असे दोघेही नांदत होते, म्हणून एकच पेनड्राइव्ह मेनूत दोनदा दिसायचा, एकदा 'यूईएफआय' हे अक्षर लावून आणि एकदा नुसता. नुसता निवडला की लिनक्स जुन्या पद्धतीने बसायचं आणि आधीची विंडोज मेनूतून गायब व्हायची. ती गेलेली नसायची. पण किती लोकांनी घाबरून सगळं पुसलं असेल!

आणि मग सिक्युअर बूट. २०११ च्या मानकात ते आलं आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर घरोघरी पोचलं. आता यंत्रात काही किल्ल्या आधीच ठेवलेल्या असतात. त्यांपैकी एकीने सही केलेली फाइलच सुरू होते. मीमांसक गेला, नैयायिक आला. हेतू वाईट नव्हता, ब्रेनसारख्यांचा बंदोबस्त हवाच होता. पण बहुतेक सगळ्या यंत्रांत किल्ली कोणाची? मायक्रोसॉफ्टची. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २०११ मध्येच याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. रेड हॅटमध्ये असलेल्या मॅथ्यू गॅरेट यांनी धोका उघड मांडला आणि मग त्यातून वाटही काढली: 'शिम' नावाचा छोटा कार्यक्रम. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, त्यासाठी ९९ डॉलर. शिम पुढच्या कार्यक्रमाची ओळख पटवतो आणि तो लिनक्सला उठवतो. म्हणजे लिनक्सला जागं व्हायला आता प्रतिस्पर्ध्याचं शिफारसपत्र लागू लागलं. साध्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, अशी अट विंडोज ८ च्या वेळी होती; २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा ती अट सोडून तो निर्णय उत्पादकांवर टाकला गेला.

परतःप्रामाण्यवाद्याला नेहमीचा आक्षेप असतो तो अनवस्थेचा. अ ला ब ने प्रमाणित केलं, ब ला कोणी? केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हाच प्रश्न संगणकवाल्यांपुढे टाकला होता. मूळ मजकूर स्वच्छ दिसत असतानाही, तो यंत्रभाषेत उतरवणारा कार्यक्रमच कपटी असू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं. साखळी कुठेतरी थांबवावी लागते; सिक्युअर बूटमध्ये ती चिपमधल्या किल्लीपाशी थांबते.

बरं, प्रमाणपत्र दिलेलाच सदोष निघाला तर? २०२० मध्ये तसंच झालं. शिम ज्याला उठवतो त्या 'ग्रब'मध्ये 'बूटहोल' नावाचं भगदाड सापडलं. एकेका सदोष प्रतीचं नाव काळ्या यादीत टाकायचं तर चिपमधली जागा पुरेना. म्हणून पिढ्यांचे क्रमांक ठेवण्याची पद्धत आली: अमुक पिढीच्या आधीचे सगळे बाद. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने ती यादी यंत्रांत उतरवली. दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागणार नव्हती, पण लागली, आणि अनेकांचं लिनक्स एका सकाळी उठेनासं झालं.

आता आमच्या काळ्या पडद्यावरच्या ओळींचा अर्थ लागला असेल. सहकाऱ्यांच्या लॅपटॉपने ते अपडेट घेतलेलं होतं आणि आमचा पेनड्राइव्ह बाद पिढीचा होता. सिक्युअर बूट बंद करणं हा एक उपाय, पण डिस्क कुलूपबंद असेल तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती आधी शोधून ठेवा. आमच्या बाबतीत सुदैवाने डिस्कला कुलूप नव्हतं, तरी आम्ही ताज्या आयएसओचा रस्ता धरला.

त्या आयएसओचाही पडताळा घेतला. हे कंटाळवाणं वाटतं. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये याच मिंटचं संकेतस्थळ फोडून डाउनलोडचा दुवा बदलला गेला होता आणि चोरवाट असलेली आयएसओ लोकांच्या हाती पडली होती. बेरजेचा आकडा त्याच पानावरून घेऊन ताडणं पुरेसं नाही. ज्याने दुवा बदलला तो आकडाही बदलेल. सही तपासावी लागते.

तिसऱ्या दिवशी मिंट उठलं. डिस्क दिसत नव्हती. सेटिंगमध्ये डिस्कचा नियंत्रक रेड पद्धतीवर होता, तो एएचसीआयवर आणला तेव्हा दिसली. (आत चालू विंडोज असेल तर ही कळ बिनविचार फिरवू नका, ती सुरू होणार नाही.) नीट बंद न झालेली विंडोज असल्याने लिहिता येईना, फक्त वाचता येत होतं. आम्हाला वाचायचंच होतं. सूचीची फाइल मिळाली. शेवटची नोंद 'व्याप्ती'ची, अर्धी राहिलेली.

वहिनी म्हणाल्या, लॅपटॉप नातीला राहू दे. म्हणून फायलींच्या दोन प्रती केल्यावर तिथे लिनक्स कायमचं बसवलं. वायफायच्या ड्रायव्हरला सही नव्हती. तेव्हा यंत्राने एक संकेतशब्द ठरवून घेतला आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला. ही शिमचीच सोय आहे: 'मशीन ओनर की', म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली. मालकाने समोर बसून, कळफलकावर हात ठेवून, ती स्वतः नोंदवायची. दूरवरच्या कार्यक्रमाला ते जमू नये म्हणून. पडदा दहा सेकंद थांबतो. आम्ही चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद गेले आणि सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी वहिनींनाच खुर्चीवर बसवलं. म्हटलं, तुम्ही दाबा.