चवदार तळ्याचा दावा : मुलांना कसा सांगावा

आंबेडकर जयंतीला आपण मुलांना महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याचे पाणी प्यायले, येथे ती बहुधा संपते. तिचा उत्तरार्ध कोर्टात घडला आणि सुमारे दहा वर्षे चालला. बाबासाहेब बॅरिस्टर होते एवढे मुलांना ठाऊक असते. वकील न्याय कसा मिळवतो, हे या दाव्यातून कळते. मंडळातील पालकांसाठी तो येथे थोडक्यात देत आहोत.

पार्श्वभूमी

सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण फक्त कागदावर. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

दावा

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा गावातील काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे वादींचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक महाडला जमले असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. “मग ते घाबरले का?” असे मूल विचारील. त्याला सांगावे की ते मागे हटले नाहीत. लढाई त्यांनी कोर्टात नेली.

निकाल

महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला. ठाण्यातील अपील १९३३ मध्ये गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे दाखवणे वादींचे काम होते. ते त्यांना जमले नाही.

एक गोष्ट मोठ्या मुलांपासून लपवू नये. अस्पृश्यता हाच अन्याय आहे, असे या निकालाने ठरवले नाही. निकाल मालकी आणि वहिवाट यांपुरता होता. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ राज्यघटनेत आले, आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

बडोद्याचा संबंध

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले. १९१७ मध्ये ते याच शहरात नोकरीला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना परत जावे लागले. आपण शिष्यवृत्ती अभिमानाने सांगतो. न मिळालेली खोलीही सांगावी.

मुलांकडून काय करून घ्यावे

* लहान मुलांना एकच प्रश्न द्यावा : सगळ्यांच्या पैशाने बांधलेल्या बागेत काहींनाच खेळू दिले, तर ते बरोबर का?
* दहा वर्षांवरील मुलांचे दोन गट करावेत. एकाने “आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे” हे सिद्ध करायचे. दुसऱ्याने विचारायचे : कधीपासून? कशावरून? ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना कोणी विचारले होते का?
* वादींची भूमिका करणाऱ्या मुलांना खलनायक ठरवू नये. दावा लावणारे गावातले नेहमीचे रहिवासी होते. अन्याय बहुतेक वेळा ओळखीची माणसेच चालवतात, हे मुलांना यातून कळते.

खेळ संपल्यावर मुले हेच प्रश्न घरातल्या, सोसायटीतल्या रीतींना लावतील. कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा का, असेही विचारतील. त्या वेळी “पूर्वीपासून तसेच आहे” हे उत्तर आपण देऊ नये.