तळटीप : पेशीसिद्धान्ताचे श्रेय
* लेखकाने श्रेय श्लायडेन (१८३८) आणि श्वान (१८३९) यांना दिले आहे; ते बरोबर, पण अपुरे. वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात, हे या दोघांनी मांडले. नवी पेशी मात्र केंद्रकाभोवती द्रव साकळून, स्फटिक धरावा तशी घडते, असा त्यांचा समज होता. जुनी पेशी दुभंगूनच नवी होते, हे रॉबर्ट रेमाकने १८५२ मध्ये मांडले. नाव मात्र झाले ते हेच पुढे मांडणाऱ्या फिरखोचे. पेशी प्रथम पाहिल्याचे श्रेय ज्याला देतात त्या हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या तर मृत पेशींच्या नुसत्या भित्तिका. केंद्रक, पेशीद्रव्य, पटल यांपैकी तिथे काही उरलेच नव्हते. केंद्रकाला नाव मिळाले १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राउन ऑर्किडच्या पेशी तपासत असताना. — संपा.