पर्लाइट भुकटी : अतिशीत उष्णतारोधन

विदर्भाच्या उन्हाळ्यातही उणे 183 अंश सेल्सिअसवर उकळणारा द्रव ऑक्सिजन टाकीत टिकतो, तो दुहेरी भिंतींमुळे. रुग्णालयांबाहेरच्या अशा अनेक टाक्यांत भिंतींमधल्या जागेत पर्लाइट भरून हवा उपसलेली असते.

पर्लाइट म्हणजे पाणी धरून राहिलेली ज्वालामुखीय काच. सुमारे 900 अंशांना ती लाहीसारखी फुलते. कण प्रारण अडवतात, निर्वात वायूतून होणारे वहन रोखतो. उष्णतावाहकता साध्या दाबावरील भुकटीच्या विसाव्या हिश्श्याखाली जाऊ शकते. निर्वात बिघडला की हा सारा लाभ गेलाच. भुकटी खाली बसून वर पोकळी उरणे, हा आणखी एक धोका.

बुलढाणा जिल्ह्यात पशुपालनासाठी लागणाऱ्या गोठित रेतमात्रा उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतात. त्या ठेवायच्या, उचलून न्यायच्या छोट्या पात्रांना मात्र पर्लाइटऐवजी सहसा चकचकीत पातळ थरांचे निर्वात आवरण असते; कमी जाडीत ते भुकटीहून सरस ठरते.