हौद, नळ आणि खड्डा

"एका हौदाला दोन नळ आहेत. पहिल्याने हौद ४ तासांत भरतो, दुसऱ्याने ६ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?" ही गणितं मी वर्षानुवर्षं मुलांना घातली. उत्तर २ तास २४ मिनिटं. पुस्तकातले नळ प्रामाणिक असतात, त्यामुळे उत्तर चुकत नाही!

परवा नातवाच्या संगणकावर तेच हौद-नळ पुन्हा भेटले. 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' नावाचा, २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलेला खेळ. लघुग्रहाच्या पोटात वसाहत वसवायची आणि टिकवायची. त्यात नळाला दोन फाटे फोडले की पाण्याची एक खेप इकडे, पुढची तिकडे, अशी आळीपाळीने जाते. एक फाटा तुंबला की सगळं पाणी दुसरीकडे. कुणाला आधी द्यायचं असेल तर नळावर एक 'पूल' बसवायचा. पुलापलीकडची गरज भागली की मगच उरलेलं पाणी पुढे सरकतं. प्राणवायू बनवणाऱ्या यंत्राला आधी, न्हाणीघराला नंतर. नातू म्हणाला, "आजोबा, पाणी भरपूर असतं, पण वाटणी चुकली की सगळे मरतात."

मला एकदम रोम आठवलं.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने हाच विचार लिहून ठेवला आहे. गावाच्या वेशीवर हौद बांधावा, त्यातून तीन वाटा काढाव्यात. एक सार्वजनिक कारंज्यांना, एक स्नानगृहांना आणि एक पाणीपट्टी भरणाऱ्या खाजगी घरांना. कारंज्यांची वाट मधली. दोन्ही बाजूंचं जादा पाणी ओसंडून मधल्या वाटेत यायचं. कारण साधं होतं. श्रीमंतांना वेगळा नळ दिला की त्यांनी सार्वजनिक पाणी तोडायचा प्रश्नच उरत नाही.

कागदावर सुंदर! प्रत्यक्षात काय होत होतं, ते फ्रॉन्टिनसने लिहिलं. इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. शहरात नऊ कालव्यांचं पाणी येत होतं. गृहस्थ आधी दप्तर घेऊन बसला. माप होतं 'क्विनारिया', म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटर व्यासाच्या नळाचं तोंड. दप्तरात जमा १२,७५५ क्विनारिया आणि वाटप १४,०१८! जमेपेक्षा खर्च १,२६३ ने जास्त. मग त्याने उगमापाशी जाऊन स्वतः मोजलं, तर दप्तरातल्या आकड्यापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त पाणी येत होतं. (त्याचं माप फक्त तोंडाच्या क्षेत्रफळाचं, पाण्याचा वेग त्यात नाही. तरी वेगाने फरक पडतो हे त्याला ठाऊक होतं.)

मग जायचं कुठे हे पाणी? नळवाल्यांच्या हाती. पाण्याचा हक्क घराबरोबर विकता येत नसे, नव्या मालकाला नवा परवाना लागे. नळवाले नव्या मालकासाठी हौदाला नवं भोक पाडत, जुनं तसंच ठेवत आणि त्यातलं पाणी विकत. रस्त्याखालच्या नळांनाही चोरून भोकं पाडलेली. हे फाटे उपटल्यावर शिशाचा बराच साठा हाती लागला. लोकांच्या वाट्याला किती थोडं पाणी उरत असेल याचा अंदाज फ्रॉन्टिनसने त्या शिशावरून बांधला.

नळाच्या तोंडाशी काशाची, शिक्का मारलेली नळी बसवायचा नियम होता. शिसं मऊ, ठोकून रुंद करता येतं. कासं सहजी वाकत नाही. पण तिथेही पळवाट होतीच. सगळी तोंडं एका पातळीत नसत. जे खाली, ते जास्त पाणी ओढून घेतं आणि वरच्याला कमी मिळतं.

हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

आमच्या आळीत माझ्या लहानपणी पहाटे तासभर पाणी यायचं. धार बारीक. एक दिवस वडिलांनी कुदळ घेतली, नळाखाली हात-दीड हात खड्डा केला आणि तोटी खाली नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या घागरी भराभर भरल्या. आई खूष, मीही खूष. खड्ड्यात उतरून घागर उचलून द्यायचं काम माझंच होतं.

चढावर शेवटचं घर एका काकूंचं होतं. त्या दिवसापासून त्या रिकामी कळशी घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. आई लगेच भरून द्यायची, आणि त्या दर वेळी आभार मानायच्या. आपण किती उदार, असं मला वाटायचं! त्यांचंच पाणी आम्ही त्यांना देत होतो, हे समजायला मला फ्रॉन्टिनस भेटावा लागला.

वर्गात इतकी वर्षं हौद भरले, पण हौद कुणाचा आणि कुणाच्या नळाने रिकामा होतोय, हा प्रश्न मी एकाही मुलाला घातला नाही. परवा नातवाला मात्र विचारलं, "तुझ्या वसाहतीत शेवटच्या फाट्यावर कोण आहे रे?"

त्याने खेळ थांबवला आणि बघू लागला.